सदरहू जंपर

आमच्या घरमालकांना कोणी विचारलं, "मालक, वरण कसं झालंय?" तर ते घास सावकाश चावत, पाणी पीत, मिशा पुसत आणि मग सांगत, "वरणात मीठ आहे, असं दिसून येतं."

कमी की जास्त, असं पुढे विचारायची सोय नव्हती. "ते मत झालं," म्हणत. "मत देणं आपलं काम नाही."

तीस वर्षं त्यांनी सोलापूरच्या कोर्टात भाषांतराचं काम केलं होतं. अक्कलकोटकडचे कानडी कागद मराठीत, मराठी जबान्या इंग्रजीत, इंग्रजी हुकूम फिरून मराठीत. पेन्शन घेऊन घरी बसले, तरी कोर्ट काही त्यांच्यातून उठलं नाही. साखर पेठेतल्या त्यांच्या घराच्या मागे एक हौद होता आणि हौदावर त्यांच्या वळणदार अक्षरात पाटी होती : "सदरहू हौदात कोणाही इसमाने अगर इसमाच्या मुलाबाळांनी पाय बुडवू नयेत." पेठेत माघारी त्यांना सगळे 'सदरहू'च म्हणत. समोर मात्र 'मालक'.

बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. डबा खाणावळीतून यायचा. सणावाराला आई त्यांचं ताट वाढायची आणि मी नेऊन द्यायची. ताट ठेवलं की मी मुद्दाम विचारायची, कसं झालंय म्हणून. त्यांच्या तोंडून एकदा तरी 'छान' नाहीतर 'वाईट' काढायचंच, अशी माझी माझ्याशीच पैज होती. चार वर्षांत मी ती एकदाही जिंकले नव्हते. पुरणपोळीला ते "गोल आहे" म्हणाले होते.

भाजीवाली म्हणायची, "ताजी हाय मालक, आत्ता मळ्यातनं आणलीया." मालक ती जून भेंडी घेऊन घरी येत आणि ओट्यावर जाहीर करत, "भेंडी ताजी आहे, असं विक्रेतीचं म्हणणं आहे." एकदा शेजारच्यांनी त्यांना मुलगी बघायला बरोबर नेलं. परत आल्यावर बायकांनी गराडा घातला, कशी आहे मुलगी? मालकांनी डोळे मिटून आठवलं आणि सांगितलं, "दोन डोळे, एक नाक. चालत आली, चालत गेली." ते लग्न मोडलं नाही हे मुलीचं नशीब.

तर अशा माणसाच्या पुढ्यात मी एक दिवस विलायती जंपर घेऊन गेले. म्हणजे जंपर नव्हे, जंपर कसा विणायचा त्याचा छापील कागद. गोष्ट चौतीस-पस्तीस सालची असेल.

माझे वडील मिलमध्ये कारकून होते. ते गेल्यावर आई आणि मी मालकांच्या दोन खोल्यांत राहायचो. सातवी पास झाले म्हणून मला मुलींच्या शाळेत शिवणाच्या मास्तरणीची जागा मिळाली होती, पण टेंपररी. मोडनिंबचे मामा दर दोन महिन्यांनी यायचे आणि आईला ऐकवायचे, "पोरगी एकुनीस वर्साची झाली की. माळशिरसला स्थळ हाय. बिजवर हाय, पन बागाईत लई हाय." आई म्हणायची, तिची नोकरी पक्की होऊ दे. शेवटी मामांनीच मुदत घातली. "दिवाळीपत्तूर नोकरी पक्की झाली, तर मी मदी बोलनार न्हाय. न्हाय झाली, तर मार्गशीर्षात उरकून टाकू." त्या बागाईतदाराची थोरली मुलगी माझ्याहून दोनच वर्षांनी लहान होती. मला ऊस आवडायचा, पण एवढाही नाही.

नेमकं त्याच वेळी शाळेच्या मोठ्या बाईंनी मला बोलावलं. दीड महिन्यानं तपासणीला मडम येणार होत्या. आपल्या मास्तरणींना छापील इंग्रजी नमुन्यावरून काम करता येतं, हे मोठ्या बाईंना त्यांना दाखवायचं होतं. त्यांनी एका विलायती मासिकातलं पान माझ्या हातात दिलं. त्यावर कमरेवर हात ठेवून उभी असलेली एक गोरी बाई, तिच्या अंगात क्रोशानं विणलेला जाळीदार जंपर, आणि खाली मुंग्यांची रांग लागावी तसं बारीक इंग्रजी.

"टाक्याला टाका छापल्याप्रमाणं हवा," मोठ्या बाई म्हणाल्या. "मडम पुस्तक धरून मोजतात. जमलं तर पर्मनंट. जमेल ना?"

"जमेल," मी म्हणाले. मला तेव्हा इंग्रजी बाराखडीसुद्धा धड येत नव्हती. पण माळशिरसही नको होतं.

क्रोशा मला येत होता, आईनं शिकवलेला. तोरणं, रुमाल, ताटावरची झाकणं, काहीही एकदा बघितलं की मी डोळ्यांनी उचलायची. पण चित्रातल्या बाईची पाठ कशी दिसते ते चित्रात थोडंच कळतं! तेव्हा गेले मालकांकडे.

मालकांनी चष्मा लावला, पान उजेडात धरलं, उलटं करून मागची बाजू पाहिली आणि विचारलं, "दस्तऐवज पूर्ण आहे?"

"आहे की."

"तसं तुमचं म्हणणं आहे," असं म्हणून त्यांनी दौत पुढे ओढली.

तीन दिवसांनी भाषांतर आलं. फुलस्केप कागद, डावीकडे समास, वर 'अस्सलबरहुकूम भाषांतर'. "प्रथमतः एकशे बावीस साखळ्या करण्यात याव्यात. तदनंतर सुईपासून चौथे साखळीत एक तिप्पट टाका देण्यात यावा. येणेप्रमाणे सदरहू साखळीच्या अखेरपर्यंत. पलटावे."

"मालक, तिप्पट टाका म्हणजे काय?"

"मुळात तिप्पट आहे."

पानाच्या सुरुवातीला टाके समजावून सांगितले होते. ते त्यांनी वाचायला घेतलं आणि मी सुईदोरा. "दोरा सुईवर घेऊन सुई छिद्रात प्रविष्ट करावी. दोरा ओढून आणावा. पुन्हा दोरा घेऊन दोन वेढ्यांतून काढावा. पुन्हा दोरा घेऊन उर्वरित दोन वेढ्यांतून काढावा."

"अहो मालक, हा तर आपला खांब!"

मालक माझ्या सुईवरच्या टाक्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी समासात लिहिलं, "तिप्पट टाका, ज्यास वादीपक्ष खांब म्हणतो." वादीपक्ष म्हणजे मी.

तिथून त्यांच्या डोक्यात आलं की न बघितलेल्या वस्तूचं भाषांतर करणं बरं नव्हे. त्यांनी माझ्याकडून एक सुई आणि रिळाचं सूत मागून घेतलं आणि साखळी शिकले. पागोट्याचा एवढा मोठा गृहस्थ भर दुपारी ओट्यावर बसून क्रोशा विणतोय, हे बघायला मिलची पाळी सुटलेली माणसं थांबू लागली. मालक कुणाकडेही बघत नसत. कानडीत मोजत राहत, "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु..." त्यांना पुढचा टाका कधी जमला नाही, पण साखळी कुठे थांबवायची ते कुणी सांगितलं नव्हतं म्हणून ती वाढतच गेली. पुढे कित्येक वर्षं त्यांचं धोतर त्या साखळीवर वाळत असे.

जंपराचा खालचा पट्टा झाला, आणि सहाव्या ओळीपाशी काम बंद पडलं. तिथे कागदात एक चांदणीची खूण होती. चार शब्दांनंतर पुन्हा चांदणी. मालकांना त्या खुणेचा अर्थ पक्का ठाऊक होता. कोर्टाच्या कागदात अशी चांदणी आली की पानाच्या तळाला त्याच चांदणीखाली खुलासा असतो. त्यांनी तळ बघितला. खुलासा नव्हता. मागची बाजू बघितली, तिथे साबणाची जाहिरात.

"खुलासा गहाळ," मालक म्हणाले. "दस्तऐवज अपूर्ण आहे. मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं."

"मग आता?"

"विलायतेला प्रकाशकांकडे लिहावं लागेल. पत्र जायला तीन आठवडे, यायला तीन."

मडम यायला चार आठवडे राहिले होते. मी त्यांना हात जोडले, काहीतरी अंदाजाने सांगा म्हणाले. 'अंदाज' हा शब्द ऐकून ते असे दचकले, जणू मी शिवीच दिली. त्यांनी खरोखरच पत्र लिहिलं, टपालात टाकलं आणि दौतीला झाकण घातलं. आठ दिवस मी नुसती ते पान घेऊन बसत होते. आईनं मामांचं नाव काढणं बंद केलं, तेव्हा तर मला जास्तच भीती वाटायला लागली.

शेवटी नरसम्मा धावून आली. ही आमच्या शेजारच्या खोलीत राहायची. नवरा मागावर साड्या विणायचा आणि ती दिवसभर रहाटावर कांड्या भरायची. घरात तेलुगू, बाहेर आमच्यासारखंच. माझं रडवेलं तोंड बघून तिनं रहाट थांबवला.

"काय झालं की गं?"

मी पान दाखवलं. तिला मराठीही वाचता येत नव्हतं. तिनं त्या दोन चांदण्यांवर बोट ठेवलं. "हितनं तितंपत्तूर एक बुट्टी. मग फिरून हितनं. काठाला असंच अस्तंय की. आमच्या ह्यांच्या नक्षीच्या कागदावर पन अशीच खूण अस्ती. प्रत्येक बुट्टी कोन लिवत बसनार?"

मी धावत मालकांकडे गेले. त्यांनी चांदणीपासून चांदणीपर्यंतचे टाके मोजले, एकशेवीसला भागले. बरोबर वीस वेळा बसले. मालकांनी चष्मा काढला.

"साक्षीदार निरक्षर आहे," ते म्हणाले, "पण जबानी जुळते." आणि दुसऱ्या दिवशी नरसम्माच्या दारात जाऊन त्यांनी तिला रीतसर नमस्कार केला. ती बिचारी घाबरून आत पळाली, तिला वाटलं खोली खाली करायला सांगतात.

मग मात्र काम झरझर पुढे सरकलं. हा जंपर पुढच्या बाजूनं खालून वर चढायचा, खांद्यांवरून पलीकडे जायचा आणि पाठीवरून खाली उतरायचा. गळ्यापाशी आलं तेव्हा एकशेवीस खांबांचे तीन भाग पडले : चाळीस एका खांद्याचे, मधले चाळीस गळ्यासाठी सोडलेले, चाळीस दुसऱ्या खांद्याचे. दोन्ही खांदे वर चढवले. आता मागचा गळा. मालकांनी वाचलं, "पाठीचे गळ्याकरिता चौदा साखळ्या करून दुसरा खांदा जोडावा."

मी चौदा साखळ्या घातल्या, खांदे जोडले, पाठीच्या दोन ओळी विणल्या आणि हातात उचलून बघितलं. खांदे एकमेकांकडे ओढले गेले होते, आणि गळा एवढासा.

"मालक, यातून डोकं कसं जाणार?"

"मुळात चौदा आहे."

"पण पुढे चाळीस सोडलेत!"

"तेही मुळात आहे."

"अहो, छापणाऱ्याची चूक असेल."

मालकांचा चेहरा बदलला. तसा मी पूर्वी कधी पाहिला नव्हता. "छापील कागद चुकला म्हणणं फार सोपं असतं," ते म्हणाले. "मडमांची डोकी लहान असतील. प्रत्यक्ष पुरावा काय आहे तुमच्याकडे?"

पुरावा त्यांनीच दिला. पागोटं काढून बाजूला ठेवलं, जंपर उचलला आणि दोन्ही हातांनी डोक्यात घातला. कपाळापर्यंत आला. मालकांनी ओढला. कानांपर्यंत आला. आणखी ओढला, आणि मग तो वरही जाईना, खालीही येईना. जंपराचा पुढचा भाग त्यांच्या तोंडावर पडदा होऊन लोंबत होता.

आई पदर तोंडात कोंबून आत पळाली. दारात उभी राहिलेली नरसम्मा मात्र मोकळेपणानं हसत होती. मला हसूही येत होतं आणि रडूही. बारा दिवस राहिले होते आणि माझी नोकरी घरमालकाच्या डोक्यात अडकली होती.

"कात्री आणू का?" आतून आईनं विचारलं.

"कात्री नको!" मी ओरडले. "मालक, हलू नका. मी उसवते." सुताचं टोक हाती लागलं आणि मी त्यांच्या डोक्याभोवती फिरत एकेक टाका सोडवू लागले. नरसम्मा हसून हसून तिच्या रहाटाकडे गेली.

"एक मृत्युपत्र होतं," जंपराच्या आतून आवाज आला.

मी थांबले.

"उसवत राहा. कानडी होतं, आमच्याच गावाकडचं. बापानं विधवा मुलीला राहायला उत्तरेकडची खोली लिहून दिली होती. त्या घराच्या उत्तरेला खोली नव्हतीच, गोठा होता. खोली दक्षिणेला. लिहिणाऱ्याचा हात चुकला होता. घराचा नकाशा माझ्याच टेबलावर होता, मला दिसत होतं."

"मग?"

"मुळात उत्तर दिशा होती. मी उत्तर दिशाच लिहिली. कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही. दुसऱ्याच्या कागदात आपलं मत घालणारा मी कोण?"

एक ओळ उसवून झाली होती. मी दुसरीला हात घातला. सूत हळूच ओढत होते, कारण मला ते बोलणं थांबायला नको होतं.

"भावांनी तिला गोठा दिला. गावी जाताना ते घर वाटेतच लागायचं. ती दारात बसलेली असायची. मला विचारायची, 'कधी आलात? बरे आहात ना?' भाषांतर कुणाचं होतं ते तिला काय माहीत."

चौदा साखळ्या सुटल्या. खांदे मोकळे झाले आणि मालकांचं डोकं बाहेर आलं. कान लाल झाले होते, उरलेसुरले केस उभे राहिले होते. डोळ्यांकडे मी बघितलं नाही. त्यांनी सावकाश पागोटं घातलं, कागद ओढला, आणि काळी दौत सोडून लाल दौत उघडली. समासात लिहिलं : "मुळात चूक आहे. चौदाऐवजी चाळीस वाचावे." खाली सही, तारीख.

"हे तुमचं मत ना मालक?" मला राहवलं नाही.

"मुळीच नाही. हे डोकं घालून आलेलं आहे."

चाळीस साखळ्यांवर पाठ बरोबर एकशेवीसची झाली. पण आता दुसरी काळजी. मोठ्या बाईंनी टाक्याला टाका सांगितलं होतं आणि मडम पुस्तक धरून मोजणार होत्या. मी लाल शाईतला मराठी कागद कुणाला दाखवणार? तपासणीच्या दिवशी सकाळी मालकांनी मला लाखेनं बंद केलेला एक लखोटा दिला. "आक्षेप निघाला तरच सादर करावा," एवढंच म्हणाले.

मडम उंच होत्या आणि त्यांनी खरंच मोजलं. डाव्या हातात मासिकातलं पान, उजव्या हाताचं बोट टाक्यांवर. खालचा पट्टा बरोबर, बुट्ट्या बरोबर, खांदे बरोबर. मागच्या गळ्यापाशी बोट थांबलं. त्यांनी पुन्हा मोजलं, पान बघितलं, मोठ्या बाईंकडे बघितलं. मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात मला माळशिरस स्पष्ट दिसलं.

मी लखोटा पुढे केला. मडमनी लाख फोडली, वाचायला लागल्या, आणि अर्ध्यावर येऊन एवढ्या मोठ्यानं हसल्या की शेजारच्या वर्गातलं पाढे म्हणणं थांबलं. आता संपलं, असं मला वाटलं. मडम डोळे पुसत मोठ्या बाईंना बराच वेळ काहीतरी सांगत होत्या.

"त्या म्हणतात," मोठ्या बाई माझ्याकडे वळल्या, "हाच जंपर त्यांनी स्वतः विणला होता. तो त्यांच्या डोक्यातून गेला नाही. आपल्यालाच मोजता येत नाही असं वाटून त्यांनी तो ट्रंकेत टाकला आणि कुणाला सांगितलंसुद्धा नाही. अगं, पण हे काय लिहिलंय?" आणि त्यांनी मला तो कागद मराठीत सांगितला. मी, खाली सही करणार, शपथेवर लिहून देतो की, चौदा साखळ्यांचा सदरहू जंपर मी स्वतः साक्षीदारांसमक्ष डोक्यात घातला. तो माझ्या कानांपर्यंत येऊन अडकला. तो उसवूनच मला मोकळं करावं लागलं. सबब मूळ कागद चुकीचा असून विणणारी बरोबर आहे.

सबंध पेठेनं ज्यावरून त्यांची टिंगल केली असती, ते त्यांनी सही करून सरकारी माणसाच्या हाती दिलं होतं, मी न मागता. मला तिथे वर्गातच रडू आलं.

नोकरी पर्मनंट झाली. आईनं मामांना पत्र घातलं. विलायतेहून प्रकाशकांचं उत्तर कधीच आलं नाही. मालक मात्र वर्षभर पोस्टमनला विचारत राहिले.

त्या दिवशी आईनं पुरणाचा घाट घातला. तिचा आनंद हातात मावत नव्हता, डबा कुठला उघडला आणि काय किती घातलं याचं तिला भान नव्हतं. मी ताट घेऊन मालकांकडे गेले. त्यांनी आमटीचा भुरका घेतला आणि थांबले. डोळे मिटले. मग आणखी एक घेतला.

"कशी झालीय मालक?" मी सवयीनं विचारलं.

ते पाणी प्यायले. मिशा पुसल्या. "आमटी फार छान झाली आहे," ते म्हणाले. "आईंना सांगा."

मी पैज जिंकले होते! त्यांनी वाटी तोंडाला लावून संपवली, तोवरही मला धीर निघत नव्हता. रिकामं ताट घेऊन मी घरी पळाले, आईला बातमी सांगितली, आणि आम्ही दोघी जेवायला बसलो. मी पहिला भुरका घेतला. आमटी इतकी खारट होती की तोंडात धरवेना.

तीस वर्षांची कोर्टाची नोकरी, आणि सदरहूंनी आयुष्यात दिलेलं पहिलं मत धडधडीत खोटं होतं.